दादाला बर्फ कोण शिकवणार

मे महिना लागला की बेटावरच्या शाळेत मुलं वर्गात टिकत नाहीत. बाहेर ऊन मावळायचं नाव घेत नाही, समुद्राच्या बर्फावर सील पसरलेले, आणि आत फळ्यावर गुणाकार. कोण बसेल? म्हणून शाळाच दर वर्षी त्यांना आठवडाभर उत्तरेच्या टोकाला तळावर पाठवते. पुढे नोआ मास्तरची स्नोमोबाइल, मागे घसरगाडीवर तंबू, स्टोव्ह, पिठाची पोती, आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या वर कॅरिबू हरणाच्या कातड्यात गुंडाळलेली कुब्लू आजी. कागदोपत्री प्रमुख नोआ. तळावर चालतं ते कुब्लूचं.

पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी कुब्लू मुलांना जागांची ओळख करून देई. जो पहिल्यांदाच आला असेल त्यानं गाडीवरून उतरल्या उतरल्या जमिनीवर एक लोळण घ्यायची. जमिनीला तुझा वास कळू दे, ती म्हणे, उद्या धुक्यात हरवलास तर तिनं तुला ओळखायला नको? मग तो डोंगर कुणाचा, ते तळं कुणाच्या आजीचं, त्या दगडांखाली वालरसचं मांस कुणी पुरून ठेवलं होतं आणि कुणी चोरून खाल्लं. चोराचं नातवंड समोरच बसलेलं असायचं. कुब्लू त्याच्याकडे बघून डोळा मिचकवायची आणि बाकीची पोरं त्याला दिवसभर पिडायची. चिडवणं हीच तिची छडी. ओरडणं तिला जमत नसे, आवडत तर मुळीच नसे. ज्याचं काही चुकलं त्याची ती अशी काही नक्कल करायची की तंबूभर हशा पिकायचा, आणि ते पोर पुन्हा त्या वाटेला जायचं नाही.

एकाच मुलीला तिनं कधी चिडवलं नाही. पालुकला.

पालुक दहा वर्षांची. पालुक हे कुब्लूच्या थोरल्या भावाचं नाव. तो वारला त्याच हिवाळ्यात त्याच्या मुलीच्या, इवालूच्या, पोटी ही जन्मली आणि नाव हिच्याकडे आलं. नाव आलं म्हणजे माणूस आला. बेटावर यात कुणाला काही नवल वाटत नाही. इवालू आपल्या मुलीला बाबा म्हणे. भावाची म्हातारी बायको होती तोवर ती हिच्या वेण्या घालताना कुरकुरायची, की आमचे हे फार हलतात बाई, आधीही असेच होते. आणि सत्तरी ओलांडलेली कुब्लू हिला दादा म्हणे. मुलगी कुब्लूला धाकटे म्हणे. दुकानात गोड बिस्किटांसमोर उभं राहून ती "धाकटे, ते" एवढंच म्हणाली की पुडा हातात. दादाचा शब्द कुब्लूनं जन्मात कधी खाली पडू दिला नव्हता, मग आता कसा पडू देईल?

त्याला कारणही तसंच होतं. आईबाप लहानपणीच गेले. दादानंच तिला वाढवलं, आणि वाढवलं ते मुलगी म्हणून घरात बसवून नव्हे. कुत्र्यांची गाडी हाकायला लावली, भाला दिला, बर्फ शिकवला. फार तापट माणूस. तिच्या चुकीवर असा हसायचा की ती तंबूमागे जाऊन रडायची. पण पहिला सील तिनं मारला त्या दिवशी तो स्वतः तंबूमागे जाऊन रडला होता. त्याला छातीचा आजार झाला तेव्हा विमानानं दक्षिणेच्या इस्पितळात नेला, आणि परत आला तो पेटीतून. इवालूचं पोट तेव्हा पुढे आलेलं होतं. पेटी खाली ठेवताना बायका कुब्लूला म्हणाल्या, रडतेस कशाला, तो तर निघालाय यायला. तिला ते पटलं. तिनं डोळे पुसले आणि घरी येऊन तान्ह्या पायांचे बूट शिवायला घेतले.

पालुक दहाची झाली त्या वर्षी ती पहिल्यांदाच तळावर आली. कुब्लू इतकी आनंदात होती की वाटेत गाडीवर गात होती. सोबत इवालूही होती, स्वयंपाकाला. उतरल्यावर सगळ्या नव्या मुलांनी लोळण घेतली. पालुक लोळायला वाकली तर कुब्लूनंच तिला अडवलं. दादा, तुझी काय ओळख करून द्यायची? ही जमीन तुला माझ्याआधीपासून ओळखते. पालुक गुडघे झटकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बर्फाचा धडा होता. तळासमोर मुख्य बेट आणि एक छोटं बेट यांच्यामध्ये चिंचोळी खाडी आहे. तिच्या खालून पाण्याची ओढ सतत चालू असते. वसंतात ती ओढ बर्फ खालून खात राहते, आणि वर मात्र पांढरंशुभ्र, जाड, साधंभोळं दिसणारं हिम. चांगला जाणता माणूसही नुसत्या डोळ्यांनी फसतो. म्हणून काठी. माणसाहून उंच, टोकाला लोखंड बसवलेली. ती पुढे मारायची, आवाज ऐकायचा, मगच पाऊल टाकायचं. एका फटक्यात टोक आत गेलं तर तिथंच थांबायचं आणि आल्या पावलांवरून मागे फिरायचं. यात दुसरं काही शहाणपण नाही, पण एवढं हाडात मुरायला वर्षं जातात.

कुब्लूनं काठ्या वाटल्या. छोट्या तुगाकला त्याच्याच उंचीची दिली, तर तो काठीसकट उताणा पडला, आणि कुब्लूनं तशीच पडून दाखवून सगळ्यांना पोट धरून हसवलं. पालुकनं हात पुढे केला होता. कुब्लू तिच्या समोरून पुढे गेली.

नोआनं ते पाहिलं. त्यानं जरा बाजूला येऊन विचारलं, "मावशी, पालुकला काठी राहिली का?"

"तुझ्या आजोबाला तू चालायला शिकवशील का रे?" कुब्लू म्हणाली. "मला हे सगळं कुणी शिकवलं? त्यालाच शिकवू?"

नोआ मुलांकडे परत गेला. त्याच्या जागी बेटावरचं दुसरं कुणी असतं तरी त्यानं हेच केलं असतं. पालुकनं हात हळूच मागे घेऊन बाहीत ओढला. तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. ते कुब्लूला दिसलं, पण तिला वाटलं दादा कंटाळला. त्याला शिकवणीचा पहिल्यापासून कंटाळा. मग तिनं मुलांना खाडीकडे बोट दाखवून सांगितलं की याच बर्फावर दादा वसंतात एकटा जायचा, सगळे नको म्हणत असताना जायचा आणि सील ओढत परत यायचा, कारण त्याच्या तळपायांना बर्फाची जाडी कळायची. "होय की नाही, दादा?"

सगळी मुलं पालुककडे बघू लागली.

"हो," पालुक म्हणाली.

दुपारी नोआ मोठ्या मुलांना घेऊन गोड्या पाण्याचा बर्फ आणायला तळ्यावर गेला. इवालू तंबूत सीलच्या मांसाचा रस्सा उकळत होती. कुब्लू बाहेर उन्हात कातडं पसरून अर्धगोल सुरीनं त्यावरची चरबी खरवडत होती. लहान मुलं किनाऱ्यावर खेळत होती, त्यांचा कलकलाट कानावर होता, आणि कलकलाट आहे तोवर काळजी नाही हे म्हाताऱ्या बायांना पक्कं ठाऊक असतं. मग तो थांबला. आणि तुगाकचा बारीक आवाज आला, "आजी, काठी आत गेली!"

कुब्लूनं वर पाहिलं. तुगाक बर्फावर बराच आत होता. तो शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी थांबला होता, दोन्ही हातांनी काठी घट्ट धरून. त्याच्या पुढे, खाडीच्या पार मध्याकडे, पालुक उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. तिच्याही पुढे एक सील उन्हात पसरला होता. त्यानं मान वर करून या सगळ्याकडे एकदा पाहिलं आणि तो आपल्या भोकातून पाण्यात उतरला. नंतर कळलं ते एवढंच, की तुगाकनं पालुकला विचारलं होतं, तू खरंच इथं जायचीस का, आणि ती म्हणाली होती, चल दाखवते.

कुब्लूनं तंबूला टेकवलेली सगळ्यात लांब काठी उचलली. या वयात तिला धावता येत नाही असं गाव समजत होतं. तुगाकजवळ पोचल्यावर तिनं त्याला पोटावर झोपवलं आणि आल्या वाटेनं सरपटत परत जायला सांगितलं. तो लगेच निघाला. मग ती काठी मारत पुढे निघाली. एक फटका घट्ट वाजला, दुसरा बोदा, आणि तिसऱ्याला टोक सरळ आत जाऊन भोकातून पाणी वर आलं. ती थांबली. तिच्यात आणि पालुकमध्ये अजून चांगलं एका तंबूएवढं अंतर होतं. पालुकच्या बुटांभोवती हिम करडं होत चाललं होतं.

आणि तिथं कुब्लू नुसती उभी राहिली.

हे तिनं पुढे कुणालाच नीट सांगितलं नाही, पण तेव्हा काय झालं ते तिला चांगलं आठवत होतं. ती वाट बघत होती. आयुष्यभर बर्फावर जीव टांगणीला लागला की दादाच काय ते सांगायचा. डावीकडे हो, मागे फिर, श्वास रोख. तो बोलला की पाय आपोआप हलायचे. आताही समोर दादा उभा होता आणि कुब्लू त्याच्या तोंडाकडे बघत होती, की सांग. समोरून पालुक तिच्या तोंडाकडे बघत होती. बर्फाखालून लाकूड कण्हावं तसा आवाज आला.

"धाकटे," पालुक म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मला येत नाही."

कुब्लूला आधी अर्थच लागला नाही.

"मला काहीच येत नाही गं. कधीच येत नव्हतं."

दादाच्या तोंडून हे वाक्य सत्तर वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. ते ऐकलं आणि कुब्लूच्या समोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एक दहा वर्षांची पोर उभी होती. आईनं घातलेल्या वेण्या, नाक वाहणारं, एका बुटाची नाडी सुटलेली.

"आडवी हो, पोरी!" कुब्लू ओरडली. तिचा तो आवाज तळापर्यंत गेला. इवालू हातातला डाव टाकून बाहेर आली. "गुडघे टेकू नकोस. सरळ पोटावर. अस्वल बघितलंयस ना पातळ बर्फावर? पाय फाकव. हात लांब. आता माझ्याकडे सरक. वर बघू नकोस, हनुवटी खाली."

पालुक आडवी होत असतानाच तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ती किंचाळली नाही. कुब्लू स्वतः पोटावर झोपली, काठीचं लाकडी टोक पुढे सारलं आणि तिला सांगत राहिली; आता डावा कोपर, आता पोट, थांब, ऐक, आता पुन्हा. तेच शब्द, त्याच क्रमानं, ज्या क्रमानं तिला कधीतरी कुणी ओरडून सांगितले होते. पालुकच्या मुठी काठीवर बसल्या. कुब्लू मागे सरकत ओढत राहिली. कडेपर्यंत पोचायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. कडेला इवालू कमरेइतक्या हिमात उभी होती आणि तिच्या तोंडातून "बाबा, बाबा" एवढंच येत होतं.

तंबूत ओले कपडे उतरवून पालुकला कातड्यांत गुंडाळलं, गरम रस्सा पाजला. तुगाकला सगळ्यांनी "काठीवाले साहेब" म्हणून मानाच्या जागी बसवलं आणि तो लाजून लाल झाला. नोआ परत आल्यावर सगळं ऐकून नुसता खाली बसला. कुणीच कुणाला बोल लावला नाही. पालुक झोपली.

मग कुब्लू उठून बाहेर गेली, आणि घसरगाडीच्या आडोशाला बसून रडायला लागली. हुंदका आवरायचा प्रयत्न तिनं केला, पण तो काही आवरणारा नव्हता. तो फार जुना होता. इवालू बाहेर आली, तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत्या, आहे ना ती. झोपलीय. बरी आहे."

"दादा गेला गं," कुब्लू म्हणाली.

इवालूला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण कुब्लूचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. मघाशी त्या बर्फावर ती हाक मारत होती आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. पेटी खाली ठेवली त्या दिवशी रडायचं ते तिनं रडून घेतलंच नव्हतं. कुणी घेऊ दिलं नव्हतं, आणि तिलाही ते सोयीचं वाटलं होतं. तो येतोय म्हणून ती बूट शिवत बसली. बूट लहान झाले, मोठे शिवले, ते लहान झाले, आणि इतकी वर्षं तिनं त्याला एकदाही गेलेला म्हटलं नाही. आता ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दादा गेला, दादा गेला. ऐकता ऐकता इवालूचाही चेहरा बदलला. तिचाही बाप मेला होता, आणि तिनंही अजून तोंडातून ते काढलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, आणि उन्हानं त्यांच्यावर जरासुद्धा दया केली नाही. ते तसंच लख्ख पडून राहिलं.

कातडं अंगाभोवती ओढून पालुक तंबूच्या दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचा कुब्लूला कंटाळा आला होता. "माझा भाऊ," ती म्हणाली.

पालुकनं बराच विचार केला. "म्हणजे मी?"

"इकडे ये."

पालुक आली. अनवाणीच. कुब्लूनं तिला समोर बसवलं, आपला कोट वर केला, आतला सदरा वर केला, आणि ते दोन्ही पाय ओढून आपल्या उघड्या पोटावर घेतले. पाय बर्फासारखे होते. तिनं दात आवळले आणि कोट वरून खाली ओढला.

"त्याचं नाव तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तो राग, तो हट्ट, हलायची खोडसुद्धा तुझ्याकडे आहे. पण त्याला जे येत होतं ते त्याच्याबरोबर गेलं. ते तुझ्याकडे आलेलं नाही. मी म्हातारी झाले तरी मला एवढं कळलं नाही. त्यासाठी रडतेय."

"ते परत येतं का?"

"शिकवलं तर येतं."

"कोण शिकवणार?"

कुब्लूनं नाक पुसलं. "मीच. मला त्यानं शिकवलंय, मग दुसरं कोण शिकवणार?"

पालुक खाली बघत बसली. पोटाशी तिच्या पायांची बोटं हळूहळू हलायला लागली होती. काहीतरी मागायचं होतं तिला, पण एरवी मागायची तसं ते सरळ मागता येत नव्हतं. दुकानात पुडा मागणारी ती हीच का, असं इवालूला वाटून गेलं.

"उद्या मला पण चिडवशील?" पालुकनं विचारलं. "तुगाकला चिडवतेस तसं. माझं चुकलं की."

इतक्या वर्षांची सवय अशी एका दुपारीत सुटत नाही. थोरल्या भावाला चिडवायचं म्हणजे कुब्लूची जीभच उचलत नव्हती. तिनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुजलेल्या डोळ्यांकडे, वाळलेल्या शेंबडाकडे.

"सील तुला बघून पळाला ते काय उगीच?" ती अखेर म्हणाली. आवाज फाटला, पण वाक्य पुरं झालं. "एवढं शेंबडं ध्यान त्यानं जन्मात बघितलं नव्हतं."

पालुकचा चेहरा आधी पडला. मग तिच्या तोंडातून एक हसू फुटलं, नवखं, अर्धवट. आणि ती मोठ्यानं रडायला लागली, लहान मुलं पडल्यावर रडतात तशी, आजूबाजूला कोण आहे न बघता. कुब्लूनं तिला रडू दिलं. तिचे पाय ती कोटाच्या आत धरून बसली, ते ऊबदार होईपर्यंत.